२६८ मीटर खोलीवरचं लाल शैवाल



अटलांटिक महासागरात, बहामा बेटांपैकी सॅन साल्व्हादोर या बेटाजवळ, पाण्याखाली एक डोंगर आहे. १९८४ पर्यंत तो नकाशांत नव्हता. त्या वर्षी ‘जॉन्सन सी लिंक’ नावाची छोटी पाणबुडी त्याच्या उतारालगत खाली गेली. स्मिथसोनियन संस्थेचे मार्क आणि डायेन लिटलर आणि त्यांचे सहकारी या मोहिमेत होते. २६८ मीटर खोलीवर त्यांना खडकाला घट्ट चिकटलेला एक पातळ, कठीण थर दिसला. तो थर म्हणजे जिवंत लाल शैवाल होतं. पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाच्या दोन लाख भागांपैकी जेमतेम एक भाग तिथवर पोहोचतो, आणि तेवढ्यावर हे शैवाल स्वतःचं अन्न तयार करतं.

ते कसं जमतं, हे आधी पाहू. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग वरच्या काही मीटरांतच शोषून घेतं. स्वच्छ समुद्रात सर्वांत खोल जातो तो निळा उजेड. हिरव्या पानातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा उजेड चांगला टिपतं, पण निळसर-हिरव्या आणि हिरव्या उजेडाचा त्याला फारसा उपयोग होत नाही. लाल शैवालाकडे हरितद्रव्याच्या जोडीला फायकोएरिथ्रिन नावाचं तांबडं रंगद्रव्य असतं. हरितद्रव्याच्या हातून निसटणारा नेमका हाच उजेड ते टिपतं आणि त्यातली ऊर्जा हरितद्रव्याकडे पोहोचवते. गंमत अशी, की त्या खोलीवर हे शैवाल लाल दिसतच नाही, काळपट दिसतं. परतवायला तांबडा उजेडच तिथे नसतो. पाणबुडीचा दिवा त्याच्यावर पडला, की मग त्याचा गुलाबी-जांभळा रंग उमटतो.

म्हणून रंगावर फार विसंबू नये, असं मला वाटतं. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८३ मध्ये मांडलं, की समुद्रात शैवालांचे पट्टे रंगानुसार पडतात आणि लाल शैवालं सर्वांत खाली असतात. कल्पना सुंदर होती, पण निसर्ग इतका सरळ नाही. लाल शैवालं किनाऱ्यावरच्या उथळ डबक्यांतही भरपूर आहेत, आणि हिरवी शैवालंही शंभर मीटरच्या खाली सापडली आहेत.

वर्गीकरणाची सुरुवात मात्र रंगापासूनच झाली. फ्रान्सच्या लामुरू यांनी १८१३ मध्ये आणि आयर्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १८३६ मध्ये शैवालांचे गट पाडले ते रंग पाहून. आपलं हे दगडासारखं शैवाल त्या काळी आणखीच घोटाळ्यात टाकणारं होतं. अशा दगडासारख्या टणक लाल शैवालांना कोरलाईन शैवालं म्हणतात, आणि लिनिअससारख्या वर्गीकरणाच्या पितामहाने ती पोवळ्यांसारख्या प्राण्यांच्या रांगेत बसवली होती. ती वनस्पती आहेत हे १८३७ मध्ये फिलिपी यांनी ठामपणे मांडलं.

या शैवालाची खरी ओळख पटते ती कापल्यावर. नमुन्याचा लहानसा तुकडा सौम्य आम्लात ठेवला, की बुडबुडे येऊ लागतात. पेशींच्या भिंतींत साठलेलं, मॅग्नेशियम मिसळलेलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळत असतं. उरतो तो मऊ भाग. त्याचा अगदी पातळ काप घ्यायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मग कळतं, की ज्याला आपण दगड समजलो तो पेशींच्या शेकडो धाग्यांचा बनलेला आहे. खडकालगतचे धागे आडवे पसरतात, त्यांच्यातून उभे धागे वर जातात आणि सगळ्यांत वर चपट्या पेशींचं आवरण असतं. वाढ करणाऱ्या पेशी अगदी टोकाला नसून या आवरणाच्या खाली असतात. अंगावर गाळ किंवा दुसरे जीव बसू लागले, तर वरच्या पेशी गळून पडतात आणि खालून नव्या येतात. ही व्यवस्था मला अतिशय विलक्षण वाटते.

आणखी जवळून पाहा. एका धाग्यातली पेशी विभागते तेव्हा दोन पेशींमधल्या भिंतीच्या मधोमध एक छिद्र राहतं आणि ते प्रथिनाच्या बुचाने बंद होतं. बहुतेक लाल शैवालांत ही बुचं आढळतात. शेजारशेजारच्या दोन धाग्यांतल्या पेशीही पुढे जोडल्या जातात. काही गटांत त्यांच्यात असंच नवं छिद्र तयार होतं, तर काहींत मधली भिंत विरघळून दोन पेशी थेट एक होतात. नाव ठरवताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

प्रजननाच्या खुणा त्याहून महत्त्वाच्या. लाल शैवालांच्या नरपेशींना शेपूट नसते. त्यांना पोहता येत नाही, पाणी नेईल तिथे त्या जातात. कोरलाईन शैवालात प्रजननाच्या पेशी थराच्या आतल्या इवल्याशा कोठड्यांत तयार होतात. चार-चार बीजाणू देणाऱ्या कोठडीच्या छताला एकच भोक असेल, तर शैवाल बहुधा कोरॅलिनेलीस या गणातलं. छत चाळणीसारखं असेल, तर ते हॅपॅलिडिएलीस गणातलं. तिसऱ्या स्पोरोलिथेलीस गणात चार बीजाणू एकावर एक न रचता फुलीसारखे मांडलेले असतात. हा गण २०१० मध्ये स्वतंत्र मानला गेला, आणि त्याला आधार मिळाला तो जनुकांच्या अभ्यासाचा.

जनुकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. बाहेरून हुबेहूब दिसणारी, कापावरूनही एकच वाटणारी शैवालं कित्येकदा वेगवेगळ्या जातींची निघतात. त्यामुळे संग्रहालयांत जपलेले शतकभरापूर्वीचे मूळ नमुने पुन्हा बाहेर काढले जात आहेत. त्यांच्या कणभर तुकड्यातून डीएनए मिळवून जुनी नावं तपासली जातात. ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो नमुना हाताशी नसेल, तर नव्या शैवालाला ते नाव लावणं हा केवळ अंदाज ठरतो. आपल्या कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर गुलाबी, टणक थर दिसतात. त्यांचा फोटो काढून नाव शोधायला जाऊ नका. थराचा तुकडा, त्याच्या आतली कोठडी आणि पेशींचे धागे पाहिल्याशिवाय त्याचा गणसुद्धा खात्रीने सांगता येत नाही.