आरोपपत्रात बाई कुठे होती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर)



युद्धानंतर पकडल्या गेलेल्या नेत्यांचं कायदा काय करतो, हा विषय मी घेणार आहे असं कळल्यावर आपल्यातल्याच एकीनं मला विचारलं, "अगं, आपल्यापुढे रोज मारहाणीच्या, पोटगीच्या, हुंड्याच्या केसेस. सेनापती आणि मंत्र्यांच्या खटल्यांशी आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे.

आपण बाईबरोबर पोलीस ठाण्यात जातो. ती अर्धा तास बोलते, रडते, पुन्हा बोलते. कागदावर उतरतात चार ओळी. त्या चार ओळींत जे नसतं ते पुढे आरोपपत्रात नसतं, आणि आरोपपत्रात नसतं त्याची शिक्षा कुणालाच होत नाही. हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या कोर्टांतही नेमकं हेच होत आलं आणि ते बदलायला पन्नास वर्षं लागली. ती गोष्ट मी आज सांगणार आहे.

आधी नियम काय आहेत ते थोडक्यात पाहू. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार युद्धकैद्यांसाठी आहे. आपल्या देशाच्या बाजूनं लढला एवढ्याच कारणासाठी युद्धकैद्याला शिक्षा करता येत नाही. त्याला माणुसकीनं वागवायचं आणि लढाई संपली की मायदेशी पाठवायचं. पण त्यानं निःशस्त्र लोकांना मारलं असेल, छळ केला असेल, तर त्याच्यावर खटला भरता येतो. असा खटला चालू असेल तर त्याची पाठवणी थांबवताही येते. मात्र खटला रीतसर हवा. वकील हवा, बचावाची संधी हवी.

नेत्यांच्या बाबतीत आणखी दोन तत्त्वं दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. पहिलं, पद ही ढाल होऊ शकत नाही. दुसरं तत्त्व आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाचं आहे, ते म्हणजे वरिष्ठाची जबाबदारी. हाताखालची माणसं काय करताहेत हे ठाऊक असून, थांबवणं शक्य असून ज्यानं थांबवलं नाही, तो स्वतः हात न लावताही दोषी. युद्धातले बलात्कार नेत्यापर्यंत न्यायचे तर बहुतेक वेळा याच वाटेनं जावं लागतं.

न्युरेंबर्ग आणि टोकियो

न्युरेंबर्गचा खटला नोव्हेंबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६ असा चालला. २२ नाझी पुढाऱ्यांचा निकाल लागला. १२ जणांना फाशी, ७ जणांना कैद, ३ जण सुटले. ज्या सनदेखाली हा खटला चालला, तिच्यातल्या गुन्ह्यांच्या यादीत बलात्कार हा शब्दच नव्हता. पुरावा नव्हता असं नाही. पण फ्रेंच वकिलांपैकी एकानं स्त्रियांवरच्या अत्याचारांचे तपशील समोर असताना, ते वाचून दाखवत नाही, कोर्टानं क्षमा करावी, असं म्हणून पान उलटलं. तपशील सांगायला संकोच कुणाला वाटला, तर वकिलाला. त्या बायकांना सांगायचं होतं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

टोकियोत मे १९४६ पासून २८ जपानी नेते आरोपी होते. दोघे खटल्यादरम्यान वारले, एकाचं मानसिक स्वास्थ्य बिघडलेलं म्हणून वगळला. उरलेले २५ दोषी ठरले आणि त्यातल्या सात जणांना डिसेंबर १९४८ मध्ये फाशी झाली. इथे बलात्काराचा विषय आला. नानकिंग शहर पडल्यावर पहिल्या महिन्यात सुमारे २०,००० बलात्कार झाले, असं निकालपत्रात नोंदलेलं आहे. तिथला सेनापती इवाने मात्सुई यानं हे थांबवलं नाही म्हणून तो फासावर गेला.

म्हणजे कायद्याला हे जमत होतं. तरीही एक फार मोठा गुन्हा बाहेर राहिला. कोरिया, चीन, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा देशांतल्या मुलींना फसवून, पळवून सैन्याच्या तळांवर कोंडलं होतं. सैन्यानं त्यांना 'दिलासा देणाऱ्या बायका' असं नाव दिलं होतं. आपण त्याला लैंगिक गुलामगिरी म्हणू. चीनमधल्या क्वेलिन इथल्या बायकांना कारखान्यात काम देतो सांगून वेश्याव्यवसायात ढकललं, एवढी ओझरती नोंद निकालपत्रात आहे. पण त्या व्यवस्थेसाठी म्हणून एकाही नेत्यावर आरोप ठेवला गेला नाही. बाटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, डच लष्करी न्यायालयानं १९४८ मध्ये काही जपानी अधिकाऱ्यांना अशा गुन्ह्यासाठी शिक्षा केली, पण तो खटला युरोपीय स्त्रियांपुरता होता. टोकियोतले अकराही न्यायाधीश पुरुष होते. कोरिया जपानची वसाहत होती, तिचा न्यायाधीश नव्हता. आणि सम्राट हिरोहितोवर खटला भरायचा नाही, हे अमेरिकेनं ठरवलेलं होतं.

त्या अकरांत एक आपले होते, कलकत्त्याचे राधाबिनोद पाल. सगळे आरोपी निर्दोष, असं त्यांचं वेगळं निकालपत्र आहे. जेत्यांनी जितांवर चालवलेला हा खटला आहे, 'आक्रमणाचा गुन्हा' नंतर घडवलेला आहे, आणि अणुबॉम्ब टाकणारे कुठे आहेत, असं त्यांचं म्हणणं. हा आक्षेप आपण झटकून टाकू नये. न्यायासनावर बसलेल्या काही देशांच्या स्वतःच्या वसाहती तेव्हा होत्याच. पण जपानी सैन्यानं अत्याचार केले याचा पुरावा भरभक्कम आहे, हे पालांनीही मान्य केलं होतं. प्रश्न फक्त वरच्यांना जबाबदार धरण्याचा होता. जेते पिंजऱ्यात नाहीत म्हणून जितांनाही सोडा, या न्यायानं नानकिंगच्या बाईच्या हाती काय पडतं? पिंजरा मोठा करा ही आपली मागणी असायला हवी. आज ज्या यासुकुनी देवळात फाशी गेलेल्या नेत्यांची नावं पूजली जातात, त्याच आवारात पालांचं स्मारक आहे. पालांना स्वतःला हे रुचलं असतं का, मला माहीत नाही. पण कोणाच्या हाती काय पडलं ते दिसतं.

दिल्ली, १९७४

दुसरी गोष्ट घरच्या अंगणातली आहे. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात आले. त्या नऊ महिन्यांत किती स्त्रियांवर बलात्कार झाले? बांगलादेश सरकारनं दोन लाख हा आकडा सांगितला, त्यावर अभ्यासकांत वाद आहे. सरकारनं त्या स्त्रियांना 'वीरांगना' म्हटलं. १९७३ मध्ये खटल्यांसाठी कायदाही केला, आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या यादीत बलात्कार स्पष्ट लिहिला. न्युरेंबर्गच्या सनदेत जे नव्हतं, ते ढाक्याच्या कायद्यात होतं. खटल्यासाठी १९५ युद्धकैद्यांची यादी ठरली.

पुढे काय झालं? पाकिस्ताननं आपल्याकडे अडकलेल्या बंगाली लोकांना अडवून धरलं, त्यांच्यावर उलट खटले भरण्याची धमकी दिली. बांगलादेशाला मान्यता हवी होती. भारताला कैद्यांचा प्रश्न संपवायचा होता. ९ एप्रिल १९७४ ला दिल्लीत तिन्ही देशांचा करार झाला आणि १९५ जणांवर खटले न चालवता त्यांना परत पाठवायचं ठरलं. त्याच महिन्यात नियाझी मायदेशी गेले.

या करारामागची कारणं खोटी होती असं मी म्हणत नाही. अडकलेली बंगाली कुटुंबंही माणसंच होती. पण जे देऊन टाकलं, ते ज्यांचं होतं त्यांना कुणी विचारलं नाही. 'वीरांगना' हा शब्द अनेक गावांत टोमणा झाला. त्याच १९७३ च्या कायद्याखाली २०१० मध्ये ढाक्यात न्यायाधिकरण बसलं, पण त्याच्यापुढे आले ते स्थानिक साथीदार. सेनाधिकारी नव्हेत. त्यात काहींना फाशीही झाली, आणि खटले नीट चालले का यावर मानवी हक्क संघटनांनी गंभीर प्रश्न उभे केले. चाळीस वर्षं दाबलेला न्याय घाईनं आणि सुडाच्या वातावरणात दिला की असं होतं.

आरुशा, १९९७

आता ज्यासाठी एवढं सांगितलं ते. रवांडात एप्रिल ते जुलै १९९४ मध्ये तुत्सींचा वंशसंहार झाला. टांझानियातल्या आरुशा इथे संयुक्त राष्ट्रांचं न्यायाधिकरण बसलं. ताबा नावाच्या भागाचा प्रमुख, आपल्या भाषेत नगराध्यक्षच, ज्यां-पॉल आकायेसू १९९५ मध्ये झांबियात पकडला गेला. त्याच्या पहिल्या आरोपपत्रात खून होते, छळ होता, बलात्कार नव्हता.

खटला सुरू झाला. १९९७ च्या सुरुवातीला एक साक्षीदार बाई खुनांबद्दल सांगता सांगता, आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला हे बोलून गेली. दुसरीनं स्वतःबद्दल आणि कार्यालयाच्या आवारात इतर बायकांबद्दल सांगितलं. तीन न्यायाधीशांत एक स्त्री होती, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या नवनीतम पिल्ले. तेव्हा त्या न्यायाधिकरणावर ती एकच स्त्री. तिनं प्रश्न विचारले, तपशील ऐकून घेतले. न्युरेंबर्गला जे पान उलटलं गेलं होतं, ते इथे वाचलं गेलं. बाहेर स्त्री संघटनांनी एकत्र येऊन कोर्टाला लेखी निवेदन दिलं की हे गुन्हे आरोपपत्रात का नाहीत? जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. निकालपत्र म्हणतं की दुरुस्ती बाहेरच्या दबावामुळे झाली नाही, साक्षींमुळे झाली. असू दे. पण साक्ष कानावर पडणं वेगळं आणि ती ऐकली जाणं वेगळं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे?

२ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. आश्रयाला आलेल्या बायकांवर आकायेसूच्या कार्यालयाच्या आवारात बलात्कार होत होते, आणि त्याच्या हजेरीनं, त्याच्या शब्दांनी त्याला उत्तेजन मिळत होतं. एखादा समाज नष्ट करण्यासाठी केलेला बलात्कार हा वंशसंहाराचाच भाग आहे, असं कोर्टानं म्हटलं. आकायेसूला जन्मठेप झाली. तिथे फाशीची तरतूदच नव्हती, तरी निकालाचं वजन कमी झालं नाही. बलात्काराची व्याख्या करताना कोर्टानं परिस्थितीतली जबरदस्ती पाहिली. सभोवती शस्त्रधारी असताना बाईनं प्रतिकार केला का, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

इथे तुम्हाला मथुरा आठवली असेल. १९७२, चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, पोलीस ठाणं, आदिवासी मुलगी. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, म्हणून संमती, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये म्हटलं. १९७९ चं चार कायदेतज्ज्ञांचं खुलं पत्र, मग देशभर मोर्चे, मग १९८३ चा कायद्यातला बदल. ताब्यातल्या बाईची संमती गृहीत धरता येत नाही, हे आपण चंद्रपूरच्या एका मुलीसाठी भांडून मिळवलं. तेच तत्त्व पुढे आरुशात दिसतं. आपला संबंध काय, याचं हे माझं उत्तर.

पुढचं सगळं सरळ नाही

सगळं जिंकलं असं समजू नका. त्याच न्यायाधिकरणापुढे पॉलीन न्यिरामासुहुको होती. ती रवांडाची कुटुंब आणि महिला विकास खात्याची मंत्री. हाताखालच्यांनी केलेल्या बलात्कारांसाठीही तिला जबाबदार धरलं गेलं. २०११ मध्ये जन्मठेप झाली, २०१५ मध्ये अपिलात ती ४७ वर्षांवर आली. बाई सत्तेवर आली की बायका सुरक्षित, हा भाबडेपणा सोडायला तिचं नाव पुरे. तिच्याच खटल्यात २००१ साली बलात्कारातून वाचलेल्या एका स्त्रीची उलटतपासणी चालू असताना न्यायाधीश हसले. आपण वकिलाच्या प्रश्नांना हसलो, असा खुलासा त्यांनी केला. समोर बसलेल्या बाईला तो फरक कसा कळावा?

१९९८ च्या रोम कराराने कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आलं. त्याच्या यादीत बलात्कार, लैंगिक गुलामगिरी, सक्तीचं गरोदरपण हे सगळं आहे, कारण त्या वाटाघाटींत बायका ठाण मांडून बसल्या होत्या. भारतानं या करारावर सही केलेली नाही. तिथे काँगोचा नेता ज्यां-पिएर बेम्बा २०१६ मध्ये सैनिकांच्या बलात्कारांसाठी वरिष्ठ म्हणून दोषी ठरला, आणि २०१८ मध्ये अपिलात सुटला.

आणि टोकियो? १९९१ मध्ये दक्षिण कोरियातल्या किम हाक-सुन यांनी नाव-चेहरा न लपवता सांगितलं की माझ्यावर हे झालं. मग इतर बोलू लागल्या. डिसेंबर २००० मध्ये स्त्री संघटनांनी टोकियोतच लोकन्यायालय भरवलं. उत्तर आणि दक्षिण कोरियाच्या बायकांनी एकत्र आरोपपत्र ठेवलं. दोन माजी जपानी सैनिकांनीही साक्ष दिली. २००१ मध्ये निकाल आला: हिरोहितो दोषी. तो मरून बारा वर्षं झाली होती आणि या निकालाला कायद्याचा अधिकार नव्हता. तरी म्हाताऱ्या बायकांनी तो ऐकला. ५५ वर्षांपूर्वी जे आरोपपत्र लिहायचं राहिलं, ते त्यांनी स्वतः लिहून घेतलं होतं.

मला यातून आपल्यासाठी तीन गोष्टी दिसतात. आरोपीला न्याय्य खटला मिळालाच पाहिजे, ही मागणी आपल्या विरोधातली नाही. घाईत दिलेल्या शिक्षेवर नंतर बोट ठेवलं जातं, आणि बाईची साक्षही त्याबरोबर संशयात जाते. दुसरं, तह, तडजोड, समझोता होतो तेव्हा तिथे कोण बसलंय ते पाहा. गावच्या पंचायतीत आणि १९७४ च्या दिल्लीत या बाबतीत फरक नव्हता. आणि तिसरं, सुरुवातीचा कागद. तिनं जे सांगितलं ते तिच्या शब्दांत, पहिल्याच दिवशी, पूर्ण लिहिलं जातंय ना, हे बघत आपण तिच्या शेजारी बसायचं. राहिलं असेल तर दुरुस्ती मागायची. आरुशात ती मिळाली, म्हणजे मिळू शकते.

माझं बोलणं इथे थांबवते. तुमच्या ठाण्यांतले अनुभव आता चर्चेत येऊ द्या.