ताळा पाहणारे हात
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नाशिक मुक्कामी केलेले भाषण)



आपल्यातील पुष्कळ मुले-मुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. स्थळे पाहताना “मुलगा नवे काही घडवीत नाही, नुसता तपासणीच्या कामावर आहे,” असा शेरा कानी येतो. हा शेरा अन्यायाचा आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

आपल्या द्राक्षबागांतून उष्णतामान व आर्द्रता मोजणारी लहान यंत्रे दिसू लागली आहेत. औषध फवारावे की नाही, हे बागाईतदार त्या आकड्यांवरून ठरवितो. अशा यंत्रांतील स्वस्त प्रोसेसरास बहुधा पूर्णांकांचेच गणित येते. अपूर्णांकांसाठी लागणारा ‘फ्लोटिंग पॉइंट’ विभाग त्यात नसतो. पुण्यास मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची ‘तेजस-३२’ ही चिपही ह्याच वर्गातली.

मग २३.७ अंशांचे गणित होते कसे? आपण लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविणारा कंपायलर ते पूर्णांकांकरवी करवून घेतो. संख्येची ३२ स्थाने असतात: १ चिन्हाचे, ८ घातांकाची, २३ मूल्याची. ती वेगळी करावयाची, घातांक जुळवावयाचे, बेरीज करावयाची आणि शेवटचे स्थान ठरल्या नियमाने पुरे करावयाचे. हा नियम १९८५ साली ‘आय-ट्रिपल-ई ७५४’ ह्या मानकाने घालून दिला.

ह्या पायऱ्यांत कंपायलरकडून एखादा हातचा सुटला, तर यंत्र थांबत नाही; शांतपणे चुकीचे उत्तर देते. कधी स्थिर संख्यांचे गणित कंपायलर भाषांतर करतानाच मोठ्या संगणकावर उरकतो आणि तेच लहान यंत्रावर केले असता शेवटचे स्थान निराळे निघते. एका मापात हा फरक नगण्य. हजारो बेरजांत तो साठत जातो. आणि प्रोग्रॅम लिहिणारा बिचारा आपलीच चूक शोधीत बसतो!

येथे तपासणाराची कसोटी लागते. दोष उघड करणारे लहानात लहान उदाहरण तो शोधतो. दुरुस्तीनंतर तेच उदाहरण साध्या आणि वेगवान, अशा सर्व प्रकारच्या भाषांतरांतून चालवितो व उत्तर खात्रीच्या उत्तराशी स्थानागणिक ताडून पाहतो. मग ते उदाहरण कायमचे चाचणीसंचात जाते, म्हणजे गेलेला दोष परतला तर तत्काळ सापडावा. १९८७ पासून जगभर वापरात असलेला ‘जीसीसी’ कंपायलर अशाच संचांवर उभा आहे. मुंबईच्या आय. आय. टी.त प्रा. उदय खेडकर यांनी त्याचे अंतरंग विद्यार्थ्यांस शिकविले, ही आपणां महाराष्ट्रीयांस अभिमानाची गोष्ट होय.

आम्ही शाळेत मुलांस सांगत असू, की ताळा पाहिल्यावाचून उदाहरण पुरे झाले असे समजू नये. तोच धर्म ही मुले पाळीत आहेत. ज्यांनी ताळा पाहिला, त्यांच्याच भरवशावर इतरांचे आकडे चालतात. म्हणून पालकांस विनंती, की त्यांच्या कामास ‘नुसते’ हे विशेषण लावू नये.