समुद्राचे गणित आणि सातपुड्याचा पाऊस

(नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही समुद्रावरील संशोधनाविषयी बोलावयास मी उभा आहे, ह्याचे काहींना नवल वाटेल. तापी आपले पाणी उकाईवरून सुरतेजवळ अरबी समुद्रास नेऊन देते. पावसाळ्यात ढगांतून आपणांस मिळते तेही मुख्यतः समुद्राचेच पाणी होय. ते केव्हा येणार, ह्यावर धडगाव-अक्कलकुव्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. मृगात दोन सरी पडतात, पेरणी होते, मग दीर्घ उघडीप. आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते.

पावसाचा अंदाज पूर्वीही वर्तविला जात असे. डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रतिमान १९८८ पासून वापरात होते. बर्फ, तापमान, वायुदाब इत्यादींचा मागील वर्षांच्या पावसाशी असलेला संबंध पाहून ते पुढील हंगामाचे अनुमान करी. पुष्कळ वर्षे ते उपयोगी पडले. परंतु २००२ साली सर्वसाधारण पावसाचा अंदाज असताना जुलैत देशात जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि हंगाम सरासरीच्या १९ टक्के खाली गेला. निसर्गातील जुने संबंध कायम राहतीलच असे नाही, हा धडा महाग पडला.

म्हणून समुद्र आणि हवा ह्यांचे एकत्र गणित करणाऱ्या प्रतिमानाकडे शास्त्रज्ञ वळले. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मान्सून मोहिमेत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने अमेरिकेत तयार झालेले असे प्रतिमान घेतले व आपल्या मान्सूनसाठी सुधारावयास आरंभ केला. त्यात वातावरण व महासागर ह्यांचे लहान लहान चौकोन पाडतात. समुद्र तापला की वाफ वाढते, वारे बदलतात. वारे बदलले की समुद्राचे पाणी ढवळून पुन्हा थंड होते. हा देवघेवीचा हिशेब महासंगणक टप्प्याटप्प्याने करीत जातो.

डॉक्टरेट मिळविल्यानंतरचे संशोधन येथे उपयोगी पडते. मूळ प्रतिमानात हिंदी महासागर प्रत्यक्षाहून थंड आणि भारतीय भूमीवरील पाऊस प्रत्यक्षाहून कमी दिसे. चूक कोठे आहे? ढगांच्या गणितात, की पाणी ढवळण्याच्या? बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते व वरचा पातळ थर लवकर तापतो. तो थर प्रतिमानात नीट उतरला आहे काय? अशा एकेका प्रश्नासाठी तरुण संशोधक दोन-तीन वर्षांच्या अधिछात्रवृत्तीवर राबतात. पुढील नोकरीची शाश्वती नसताना केलेले हे काम बाहेर फारसे दिसत नाही; अंदाजात मात्र ते उतरते.

आता ह्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हंगामी अंदाजाच्या प्रतिमानातील चौकोनाची बाजू सुमारे ३८ किलोमीटर आहे. तळोद्याचे सखल शेत आणि धडगावचा डोंगरउतार एकाच चौकोनात येऊ शकतात, आणि दोन्हीकडील पाऊस सारखा नसतो, हे आपणांस संशोधकांहून अधिक ठाऊक आहे. ह्याच संस्थेची, २६ मे २०२५ रोजी राष्ट्रास अर्पण झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सहा किलोमीटरचे चौकोन घेते. पण ती पुढील काही दिवसांच्या हवामानासाठी आहे. जूनच्या आरंभी ऑगस्टमधील उघडीप गावनिहाय सांगणारे साधन आज नाही. तसे कोणी सांगत असल्यास त्यावर बियाण्याचा खर्च बेतू नये.

चौकोन लहान झाला, तरी उत्तर बरोबर आले की नाही हे प्रत्यक्ष मोजलेल्या पावसाशीच ताडून पाहावे लागते. सातपुड्याच्या दऱ्यांतून अशी मोजणी व्हावयास हवी. शाळेच्या अंगणात, झाडाच्या व इमारतीच्या आडोशापासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मिलिमीटरमध्ये नोंद करावी. सुटीच्या दिवशी ते कोणी करावे, हे ग्रामपंचायतीने आधीच ठरवावे. पाऊस न पडलेल्या दिवशी शून्य लिहावे. जागा कोरी ठेवली, तर पाऊस झाला नाही की कोणी पाहिलेच नाही, हे पुण्यात बसलेल्या संशोधकास कळावयास मार्ग नसतो.