मीनाचा आंबा आणि आवशीचो वाटो

(रेडिओवर झालेलं भाषण)

इथे आपण नेहमी बोलतो ते गटाच्या बैठकांवर, कर्जाच्या हप्त्यांवर, कोकम-आगळाच्या हिशेबांवर. आज मी एका कार्टूनवर बोलणार आहे. हसू नका. कार्टून म्हणजे पोर जेवत नसलं की लावून द्यायची वस्तू, असं आपण धरून चाललोय. पण हे कार्टून पोरांबरोबर मोठ्यांनीही बघावं, बघून झाल्यावर त्यावर बोलावं, याच हेतूने बनवलेलं आहे. त्याचं नाव ‘मीना’.

गेल्या चवथीला आलेल्या एका चाकरमान्याने आमच्या गटासाठी मीनाच्या डीव्हीडींचा संच आणून दिला. तो तसाच कपाटात पडून होता. यंदा जून-जुलैत मासेमारी बंद, बाहेर पाऊस, मच्छीच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या. म्हटलं, आता काढूया. पाच संध्याकाळी आम्ही पंधरा-सोळा जणी बसलो, सुना होत्या, सासवा होत्या, दोन-चार पोरं आपोआप येऊन बसली.

आधी हे कुणी आणि का केलं ते सांगते. सार्क म्हणजे भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका अशा आपल्या शेजारी देशांची संघटना. या देशांनी १९९१ ते २००० ही दहा वर्षं मुलींसाठी म्हणून जाहीर केली होती. त्या काळात युनिसेफने ही मालिका काढली. नाव असं हवं होतं की ते हिंदूच्या घरात चालेल, मुसलमानाच्या घरात चालेल, ढाक्याला चालेल आणि काठमांडूलाही. म्हणून ‘मीना’. तिचे कपडेही तसेच, धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत. आमच्यातली एक म्हणाली, “ह्या चेडू नेमक्या खयचा?” तर बाई, ते कुठलंच नाही, म्हणूनच सगळीकडचं आहे.

चित्रं घडवली राम मोहन यांनी, आपल्या मुंबईत. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात त्यांनी १९५०च्या दशकात सुरुवात केली. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’मधला चित्रांचा तुकडाही त्यांचाच. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९ साली ते गेले. मीनाचे पहिले काही भाग मनिलाला, म्हणजे फिलिपिन्समध्ये, हॅना-बार्बेरा कंपनीच्या स्टुडिओत तयार झाले. पुढचं काम मुंबईत राम मोहन यांच्याकडे आलं. हॅना आणि बार्बेरा म्हणजे ‘टॉम अँड जेरी’ जन्माला घालणारे दोघे. उंदीर-मांजराची मारामारी ज्यांनी जगाला दाखवली, त्यांच्याच कंपनीच्या जागेत आपल्या मीनाने पहिली पावलं टाकली, याची मला गंमत वाटली.

आता गोष्टीकडे. मीना नऊ-दहा वर्षांची. घरात आई, बाबा, आजी, भाऊ राजू, धाकटी बहीण राणी. आणि मिठू नावाचा पोपट. मालिकेतला सगळा विनोद या मिठूच्या चोचीत आहे. पोपटाला कुणी बोल लावत नाही. ऐकलेलं तो परत बोलतो, नको तिथे बोलतो, आणि सुनेने म्हटलं असतं तर घरात आठ दिवस अबोला झाला असता असं वाक्य तो सहज टाकून उडून जातो. लिहिणारा इथे हुशार आहे. आजीला कुठे वाईट दाखवलेलं नाही. ती नातीवर प्रेम करते, फक्त तिच्या आजीने जसं वाढलं तसंच ती वाढते. त्यामुळे आमच्यातल्या सासवा शेवटपर्यंत बसल्या. आजीला खाष्ट दाखवलं असतं, तर पहिल्याच दिवशी अर्ध्या जणी ‘चुलीवर भात आसा’ म्हणून उठल्या असत्या.

पहिला भाग कोंबड्यांचा. मीनाला शाळेत घातलेलं नाही, राजू जातो. मग ही मिठूलाच शाळेत पाठवते. तो तिथे ऐकून येतो आणि हिला अंक शिकवतो. त्या अंकांवर ती कोंबड्या मोजते, एक कमी भरते, चोर सापडतो. मग बाबा शाळेला होकार देतात. हलकाफुलका भाग आहे, पोरं खदखदून हसतात. सुरुवातीला हाच लावा.

पण ज्यासाठी मी हे भाषण करतेय तो भाग आंब्याचा. घरात आंबा येतो, त्याचे वाटे होतात, मोठा वाटा राजूला. जेवताना अंडं येतं, तेही राजूच्या ताटात. मीना विचारते, का? उत्तर आपल्याला सगळ्यांना पाठ आहे: तो मुलगा, त्याला काम असतं. ठीक आहे, म्हणते मीना, एक दिवस कामांची अदलाबदल करू. ती गाय चरायला नेते. राजूच्या वाट्याला येतं पाणी, झाडलोट, कोंबड्या, धाकटी राणी. संध्याकाळपर्यंत राजूची जी दशा होते, ती बघताना आमच्या खोलीत इतका हशा झाला की शेजारचे डोकावून गेले. शेवटी दोघांना सारखं वाढलं जातं.

बारा-पंधरा मिनिटांत आटपतं. त्यानंतर आमचं बोलणं मात्र दीड तास चाललं.

आमच्यातली सगळ्यात मोठी आजी म्हणाली, “झील होडयेर जाता, मध्यान रातीक उठता. तेका दोन घास जास्तीच व्हये.” ही गोष्ट खोटी नाही. लाटेवर उभं राहून जाळं ओढणाऱ्याला भूक लागते. कार्टूनमधला राजू काही समुद्रावर जात नाही, त्यामुळे हा प्रश्न तिथे निघतच नाही. त्यावर तिचीच सून म्हणाली, “आणि मी काय निजान रवतंय?” होडी लागल्यावर मासळी निवडायची, टोपली डोक्यावर घ्यायची, बाजारात उन्हात बसायचं, उरलेली मीठ लावून सुकवायची, घरी येऊन पुन्हा सार-भात. कोण कमी राबतं ते सांगा.

मग बोलणं सुरमईवर आलं. आपल्याकडे मधल्या जाड तुकड्या कुणाच्या ताटात जातात आणि डोकं-शेपटी कुणाला उरते, हे मी या रेडिओवर सांगायला नको. कुणी म्हणालं, डोक्यातच खरी चव असते. असते हो. पण मग ती चव एकदा तरी पुरुषांना का नको? आणि आंबा? हापूसच्या फोडी पाहुण्यांना, घोगाऱ्या आंब्यांचा रस सगळ्यांना, आणि बाठो चोखायला आवस. आम्ही लहानपणी समजायचो, आईला बाठाच आवडतो.

इथेच मला या मालिकेत एक उणीव दिसते. मीना आणि राजू सारखे झाले, उत्तम. पण वाढणाऱ्या बाईच्या ताटात काय पडलं, हे मीना विचारत नाही, मिठूही विचारत नाही. आमच्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते विचारलं: “सगळा बरा झाला, पण तिच्या आवशीचो वाटो खय गेलो?” खोलीत कुणी काही बोललं नाही. मुलगी-मुलगा असा हिशेब मांडताना आई मोजदादीतच नाही. पुढच्या पिढीचं भलं करायच्या घाईत या पिढीतली बाई तशीच शेवटी जेवायला बसते, टोपाच्या तळाशी जे असेल त्यावर.

ही नुसती भावनेची बाब नव्हे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. पंधरा-सोळा जणींच्या आमच्या खोलीला तो हिशेब लावला तर आठ जणी होतात. लोहाच्या गोळ्या आशाताई देतात, त्या घ्यायच्याच. पण गोळीबरोबर ताटातला मासाही हवा.

एक म्हणाली ते मला फार आवडलं. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढतात. मासळी वर आली की वाटे पडतात, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. दोरीला हात लावलेल्याला कुणी रिकाम्या हाताने घरी पाठवत नाही. हा नियम पुळणीवर सगळ्यांना मान्य आहे. घराचा उंबरठा ओलांडला की तो कुठे जातो?

जाता जाता पोरांच्या दुसऱ्या लाडक्या कार्टूनबद्दल. ‘छोटा भीम’ २००८ पासून सुरू आहे, त्याच्याही डीव्हीडी बाजारात आल्या. त्यात भीम लाडू खातो आणि पराक्रम करतो. लाडू येतात टुनटुन मौसीच्या दुकानातून, आणि मौसीची मुलगी चुटकी ते त्याला पुरवते. २०२० साली भीमचं लग्न राजकन्येशी लावलं, चुटकीशी नाही, अशी आवई उठली आणि ‘चुटकीला न्याय द्या’ म्हणून लोकांनी समाजमाध्यमांवर एकच गलका केला. शेवटी कंपनीला सांगावं लागलं की ही सगळी पोरं अजून लहान आहेत, कुणाचं लग्न झालेलं नाही. न्याय मागितला तो नवऱ्यासाठी. लाडवांतला वाटा चुटकीसाठी कुणी मागितला नाही.

मीनाचे बाकीचे भाग थोडक्यात सांगते. लहान वयातल्या लग्नाचा भाग चांगला आहे, तो वाडीतल्या बापयांनाही दाखवा. तीन इच्छांचा भाग, त्यात जिन्न येतो. स्वच्छ पाणी, संडास, हात धुणं असा विषय आहे, मोठ्यांना थोडा कंटाळवाणा, पोरांना आवडतो. जुलाब झालेल्या बाळाचा भाग जरूर बघा, पण तो थांबवून हाताने करून बघा. मीठ-साखरेचं पाणी लागतं हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं, माप एकीच्याही नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो. आशाताईंकडे ओआरएसचं पाकीट असेल तर तेच घ्यावं, त्यात मापाची चूक होत नाही.

खोडी आणखी दोन आहेत. एक, सगळे प्रश्न फार लवकर सुटतात. बाबा पंधरा मिनिटांत पटतात. आपले पंधरा वर्षांत पटले तरी नारळ फोडायचा. दुसरी भाषेची. आमच्या संचात आवाज हिंदी होता. सुना समजल्या, दोन आजींना शब्द अडले. मग एकीने रिमोट हातात घेतला. जरा चाललं की थांबवायची आणि मालवणीत सांगायची. तिने मिठूचं बोलणं असं काही सांगितलं की मूळ पोपटापेक्षा आमचा पोपट बरा ठरला.

ते बघताना मला पिंगुळीची आठवण झाली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलाकार चित्रकथी सांगतात. एकेक चित्र हातात धरायचं, वाद्यावर गात कथा पुढे न्यायची. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सिनेमाला एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. दहा मिनिटांना झाल्या १४,४००. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सात हजारांवर चित्रं. चित्रकथीवाला एका पोथीतल्या मोजक्या चित्रांवर रात्र काढतो. तेव्हा गटात टीव्ही नाही, प्लेयर नाही, वीज गेली, म्हणून अडू नका. मीनाच्या व्हिडिओंबरोबर चित्रकथांची पुस्तकं, भित्तिपत्रकं आणि चर्चा कशी घ्यावी याची पुस्तिका, असं सगळं मिळून काढलेलं होतं. पुस्तक मिळालं तर पान उलटं धरून बायकांना चित्र दाखवायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं. शाळांमधून ‘मीना राजू मंच’ चालतो. तुमच्या शाळेत असेल तर आधी बाईंना विचारा, काही साहित्य मिळतं का बघा.

संच लावणार असाल तर एका संध्याकाळी एकच भाग लावा. दोन लावले की बोलणं होत नाही, नुसती करमणूक होते. आवाज बारीक आहे, पत्र्यावर पाऊस असेल तर छोटा स्पीकर जोडा. मुलग्यांना बाहेर पिटाळू नका, आंब्याच्या भागाला तर मुद्दाम बसवा. आमच्याकडे एक सातवीतला झील तो भाग बघून आईला म्हणाला, उद्या पाणी मी भरतो. दोन दिवस भरलं त्याने. तिसऱ्या दिवशी क्रिकेट होतं.

आणि त्या आजी, होडयेर जाणाऱ्या मुलाच्या? त्या अजून आपल्या म्हणण्यावर ठाम आहेत. फक्त परवा त्यांची सून सांगत होती, बांगड्याचं तिखलं झालं तेव्हा आजींनी टोप स्वतःपुढे ओढला, आधी सगळे बांगडे मोजले आणि मग वाढायला घेतले.