गुरुजींच्या घराचा हिशेब

(मुळशी तालुक्यातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्याकडे एखादे गुरुजी वारले की शोकसभेत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात : गुरुजी व्रतस्थ शिक्षक होते आणि कुटुंबवत्सल होते. एकाच माणसाला हे दोन्ही कसे जमले, कोणाच्या जिवावर जमले, हे मात्र कोणी विचारत नाही. आज एका मोठ्या शिक्षकाची आठवण काढून हाच प्रश्न आपण विचारू या.

पौडहून पुण्याला जाताना कोथरूड लागते. त्याच्या शेजारचे हिंगणे आज ज्यांच्या नावाने कर्वेनगर म्हणून ओळखले जाते, ते अण्णा, म्हणजे धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२). गणिताचे शिक्षक. आधी मुंबईच्या शाळांतून शिकवले, १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात आले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मागे मुलगा रघुनाथ होता.

बिजवरालाही कोवळी कुमारिका सहज मिळण्याचा तो काळ. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकाने १८७३ साली, पहिली पत्नी गेल्यावर, अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. अण्णांनी तो मार्ग नाकारला. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. मुरुडकरांनी या जोडप्यावर बहिष्कार टाकला. तरी अण्णा मागे हटले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि चिखल तुडवत चार मैलांवरच्या हिंगण्याला जाऊन मुलींना शिकवायचे, असा त्यांचा क्रम होता. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. हे ऋण आपण मानतोच.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. अण्णा हिंगण्याला असताना पोरांची दुखणी, स्वयंपाक, आला-गेला हे सारे गोदूबाई, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई, सांभाळत होत्या. शिवाय आश्रमासाठी वर्गणीही गोळा करत होत्या. अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाला देऊन टाकली, तेव्हा त्या दुखावल्या. लोक अशा बाईला लगेच संसारी, कोत्या मनाची म्हणून मोकळे होतात. पण आनंदीबाई कोण होत्या? आठव्या वर्षी विधवा झालेली मुलगी. नवरा गेल्यावर बाईच्या हाती काय उरते, हे त्या घरात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? परक्या विधवांच्या आसऱ्यासाठी दिलेला तो पैसा उद्या त्यांच्यावरच वैधव्य आले असते तर त्यांचा आधार होता.

अण्णांचा त्याग खोटा होता असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, तो त्याग दोघांचा होता आणि निर्णय एकाचा.

आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ लिहून आपली बाजू स्वतः मांडली. पुढे वसंत कानेटकरांनी कर्वे दांपत्यावरून नाटक लिहिले, त्याचे नाव ‘हिमालयाची सावली’. नाटक गाजले, पण ते नाव मला खटकते. सावली वर्गणी मागायला दारोदार हिंडत नाही.

हा प्रश्न जुना झालेला नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे थांबलेच पाहिजे. पण बांगड्या राहिल्या आणि घर, जमीन, बँकेचे खाते यांवर तिचे नावच नसले, तर ती कोणाच्या दारात उभी राहणार?

म्हणून आपल्या गटांपुढे दोन कामे ठेवते. प्रत्येकीने या महिन्यात घराचा उतारा, सातबारा, विम्याचे आणि खात्याचे कागद पाहावेत. आपले नाव कुठे आहे, कुठे नाही, ते पुढच्या बैठकीत सांगावे. आणि कार्यकर्त्या म्हणवणाऱ्या आपण सगळ्यांनी, संस्थेला घरातले काही देण्याआधी, घरच्या माणसाला विचारावे. हा नियम पुरुषांना लागू आहे, तसा आपल्यालाही आहे.

गावात पुढची शोकसभा होईल तेव्हा गुरुजींबद्दल चांगले जरूर बोला. त्यांच्या घरच्या बाईचेही नाव घ्या आणि तिने काय काय केले ते सांगा. ती समोर बसलेली असेल, तर तिलाच बोलायला सांगा.