कॅप्टन साठेंना आठवताना



आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मोबाईलवर कधी ना कधी येऊन गेलंय. विंग कमांडर दीपक वसंत साठे, हवाई दलातून निवृत्त झालेले फायटर पायलट आणि नंतर एअर इंडिया एक्सप्रेसचे कॅप्टन. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडच्या विमानतळावर त्यांचं विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं आणि ते गेले. वय 59.

आधी माणूस कोण होता ते बघूया. वडील सैन्यात ब्रिगेडियर. हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत साठेंना ‘स्वोर्ड ऑफ ऑनर’ मिळाली. ही मानाची तलवार सगळ्या तुकडीत एकालाच मिळते. 1981 ते 2003 अशी बावीस वर्षं हवाई दलात नोकरी केली. हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये ते टेस्ट पायलटही होते. त्यानंतर प्रवासी विमानं चालवली. एकूण उड्डाणाचा अनुभव दहा हजार तासांच्या वर.

आणि शेवटचं उड्डाण कुठलं? कोरोनात परदेशात अडकलेल्या लोकांना घरी आणायचं, ‘वंदे भारत’ मोहिमेतलं. दुबईहून कोळिकोड, विमानात 190 जण. त्यातले 21 गेले. साठे आणि को-पायलट अखिलेश कुमार, दोघेही त्यात होते.

दुसऱ्याच दिवशी एक पोस्ट देशभर फिरायला लागली. विमानाची चाकं उघडत नव्हती, साठेंनी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं, शेवटच्या क्षणी इंजिन बंद केलं, म्हणून आग लागली नाही. वाचून ऊर भरून येतो. पण ते तसं घडलं नव्हतं. 2021 मध्ये अपघात तपास विभागाचा अहवाल आला. शेकडो पानांचा आहे, तो कोण फॉरवर्ड करणार?

त्यात काय आहे? जोराचा पाऊस. पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही. साठेंच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्यांदा ते उलट्या दिशेने, धावपट्टी 10 वर आले, पण त्या बाजूने उतरताना वारा पाठीमागून होता. धावपट्टी 8,858 फूट लांब, आणि चाकं टेकली 4,438 फुटांवर. म्हणजे निम्मी धावपट्टी मागे गेलेली. को-पायलटने ‘गो अराऊंड’ म्हटलं होतं, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. नियमाने तेव्हा वर जायलाच हवं होतं. साठे गेले नाहीत, आणि को-पायलटनेही कंट्रोल आपल्या हातात घेतले नाहीत. संभाव्य कारण म्हणून अहवालाने हेच नोंदवलंय.

आता तुम्ही म्हणाल, श्रद्धांजलीच्या भाषणात हे कशाला? गेलेल्या माणसाच्या चुका कशाला काढायच्या?

मित्रांनो, विमान अपघाताच्या तपासात दोषी शोधायचा नसतो, पुढचा अपघात टाळायचा असतो. हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. म्हणून हा अहवाल साठेंपाशी थांबत नाही. कॉकपिटमधल्या ज्येष्ठ-कनिष्ठ अंतरावर तो बोट ठेवतो. एका बाजूला एवढा अनुभवी, एवढा मानाचा माणूस, दुसऱ्या बाजूला तिशीतला तरुण. त्याने सांगितलं, पण ठासून सांगता आलं नाही. मग अहवाल कंपनीकडे वळतो. कोळिकोड तळावर को-पायलट भरपूर आणि कॅप्टन एकच. साठेंना दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी तिथेच असायला हवं होतं. ‘काहीही करून इथेच उतरायचं’ हा दबाव कुठून येतो, ते यातून कळतं.

त्याच्याही मागे जाऊया. 22 मे 2010, मंगळूर. कर्नाटकातलं टेबलटॉप विमानतळ, कंपनी तीच. 158 जण गेले. तिथेही को-पायलटने ‘गो अराऊंड’ म्हटलं होतं, एकापेक्षा जास्त वेळा. त्यानंतर केंद्राने हवाई सुरक्षेची सल्लागार समिती नेमली. तिच्या एका सदस्याने, कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी, 2011 मध्ये लेखी इशारा दिला होता की कोळिकोडला ओल्या धावपट्टीवर, पाठीमागून वारा असताना 10 नंबरवर उतरू देऊ नका. नऊ वर्षांनी नेमकं तेच घडलं.

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला इथे एकच धागा दिसतो. कनिष्ठाने वरिष्ठाला थांबवू पाहिलं. एका सदस्याने सरकारला थांबवू पाहिलं. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांचंही ऐकलं गेलं नाही. ‘मोठ्या माणसाला कसं सांगायचं?’ हा आपल्या घरातला प्रश्न आहे बघा, तोच कॉकपिटमध्ये जातो आणि तोच मंत्रालयातही जातो.

साठेंची तलवार खरी आहे, बावीस वर्षांची सेवा खरी आहे, लोकांना घरी आणायला निघालेलं ते उड्डाण खरं आहे. आणि त्या संध्याकाळचा चुकीचा निर्णयही खरा आहे. यातलं काहीही काढून टाकलं की साठे उरत नाहीत, फक्त पोस्टर उरतं. खोट्या घिरट्यांची गोष्ट सांगून आपण त्यांना मोठं करत नाही. उलट कंपनी, मंत्रालय, विमानतळ सगळे त्या पोस्टरमागे लपतात.

त्या रात्री कोंडोट्टीचे लोक कोरोनाचा धोका असताना पावसात धावले, आपल्या गाड्यांतून जखमींना दवाखान्यात नेलं, रक्त द्यायला रांगा लावल्या. कुणीही आदेशाची वाट पाहिली नाही. हेसुद्धा साठेंच्या आठवणीसोबत सांगत जा.

तर माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी, मंडळात, संघटनेत, उद्या नोकरीत, कुणी लहान माणूस ‘गो अराऊंड’ म्हणाला तर त्याचं वय बघू नका, समोरची धावपट्टी किती उरलीय ते बघा. आणि तुम्हीच तो लहान माणूस असाल, तर एकदा सांगून गप्प बसू नका.

कॅप्टन साठे, अखिलेश कुमार आणि त्या विमानातल्या एकोणीस प्रवाशांना माझी श्रद्धांजली.