तटावरचा योद्धा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचे वक्ते आम्ही नव्हतो. ठरलेले पाहुणे महामार्गावर अडकले म्हणून कार्यकारिणीने दुपारी आम्हाला पकडले. विषय तुमच्या आवडीचा घ्या म्हणाले. आम्ही राज्य सरकारचे नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंत. आमच्या आवडीचा विषय म्हणजे काँक्रीट. पण गेले चार दिवस डोक्यात दुसरेच घोळते आहे, तेच सांगतो.

सुट्टीला पुतणी आली आहे. तिने सोसायटीतली पाच पोरे जमवून आमच्या हॉलमध्ये एक खेळ मांडला. कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे, बस्स. बाकी सगळे तोंडाने बोलायचे. प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, आणि एकाने गोष्ट पुढे न्यायची. त्याला ही मुले डी.एम. म्हणतात. "डी.एम.ना विचार" असे कानावर आले तेव्हा आम्ही हातातला पेपर ठेवून उठलोच. आमच्या लेखी डी.एम. म्हणजे कलेक्टर!

हा खेळ अमेरिकेत 1974 साली निघाला. त्यात पॅलाडिन नावाचा योद्धा असतो, धर्माची शपथ घेतलेला. पुतणीचे पात्र तेच. गोष्टीत दोन गावांचे पाण्यावरून भांडण लागले. एका गावाने रात्री बांध फोडला, दुसऱ्याने गोठे जाळले. पोरे पुतणीकडे बघू लागली. ती म्हणाली, "मी तटस्थ आहे. मध्ये पडत नाही." त्यावरून जे रण माजले, ते खेळातल्या रणापेक्षा मोठे होते. एकाचे म्हणणे, देवाची शपथ घेतलेला माणूस तटस्थ असूच शकत नाही. पुतणीने नियम काढून दाखवला. जुन्या पुस्तकांत पॅलाडिन सज्जनच असला पाहिजे अशी अट होती, 2008 च्या आवृत्तीत ती सुटली. नियमाने ती बरोबर. पण वाद मिटेना. शेवटी सगळे आमच्याकडे वळले, "काका, तुम्ही सांगा." आम्ही म्हणालो, जेवून घ्या आधी.

त्या रात्री झोप लागली नाही. का, ते पुढे सांगतो.

तटस्थ म्हणजे तटावर उभा. दमणगंगेच्या काठी राहणाऱ्यांना याची फोड करून सांगायला नको. पात्रात कुणी गटांगळ्या खात असेल, आणि काठावरच्याच्या हातात दोर असेल, तर?

भारतीय युद्धात दोघे लढले नाहीत. एक आपल्या विदर्भाचा रुक्मी, रुक्मिणीचा भाऊ. तो अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांकडे गेला आणि म्हणाला, भीती वाटत असेल तर मी आहे. अर्जुनाने त्याला वाटेला लावले. मग तो दुर्योधनाकडे गेला, तिथूनही परत. याला तटस्थ म्हणायचे की बिनगिऱ्हाइकाचा, तुम्हीच ठरवा. दुसरा बलराम. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे शिष्य, म्हणून तो सरस्वतीच्या काठाने तीर्थयात्रेला गेला. हे आम्हाला पटते. पण परत आला तो नेमका गदायुद्धाच्या वेळी. भीमाने मांडीवर घाव घातला, तसा हाच बलराम नांगर उगारून धावला. कृष्णाने आवरले म्हणून बरे. म्हणजे कोण जिंकावे याबद्दल तो तटस्थ होता. कमरेखाली मारावे की नाही, याबद्दल नव्हता.

शस्त्र धरणारे साधू फक्त पुराणात होते असेही नाही. अठराव्या शतकात गोसाव्यांच्या फौजाच होत्या. अनुपगिरी गोसावी हे त्यातले मोठे नाव. पुढे त्याला हिम्मतबहादूर म्हणत. गुरू राजेंद्रगिरी, अंगाला राख, पदरी हजारो माणसे. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी हा गोसावी कुठे होता? शुजाउद्दौल्याच्या बाजूला, म्हणजे अब्दालीच्या छावणीत, आपल्या भाऊसाहेबांच्या समोर! 1764 ला बक्सारमध्ये तो शुजाकडून इंग्रजांशी लढला. मग जाटांकडे, मग दिल्लीच्या नजफखानाकडे, मग आपल्या महादजी शिंद्यांकडे. तिथे बिनसले. महादजी आजारी पडले तेव्हा यानेच करणी केली असा आळ आला, आणि हा पळून अली बहादुराच्या आश्रयाला गेला. अली बहादूर म्हणजे बाजीराव-मस्तानीचा नातू. त्याचे वडील समशेर बहादूर पानिपतच्या जखमांनी गेले. ज्या फौजेशी लढताना बाप गेला, त्याच फौजेतल्या गोसाव्याला मुलाने जवळ केले, आणि दोघांनी मिळून बुंदेलखंड घेतला. अली बहादूर 1802 त वारला. पुढच्याच वर्षी गोसावी इंग्रजांना मिळाला, आणि 1804 त मेला.

आम्ही हे वाचले तेव्हा आधी राग आला. मग वाटले, बिचाऱ्याची हजारो तोंडे खायला घालायची होती. संसार आमचाही आहे. पण त्याला तटस्थ मात्र म्हणवत नाही. प्रत्येक लढाईत तो कुणाच्या तरी बाजूने होताच. कुणाच्या, ते ठरवणे तेवढे त्याने दुसऱ्यावर सोडले होते.

आता आपल्या सिल्वासाचे. मराठ्यांनी 1783 मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांना दिली, त्यांचे जहाज लुटल्याची भरपाई म्हणून. ते निस्तरायला 1954 उजाडले. जुलैत दादरा, 2 ऑगस्टला सिल्वासा. सुधीर फडके त्यात होते, हे इथल्या ज्येष्ठांना आम्ही सांगणे म्हणजे आगाऊपणा. आमचे लक्ष जाते ते सरहद्दीवरच्या भारतीय पोलिसांकडे. भारताचे लष्कर सिल्वासात घुसले नाही. पण दमणहून येणाऱ्या पोर्तुगीजांना आपल्या हद्दीतून वाट मिळाली नाही. तो शिपाई नुसता उभा होता. त्याच्या उभे राहण्यानेच निकाल लागला. पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेले. 12 एप्रिल 1960 रोजी न्यायालयाने सांगितले की नागरिकांना आणि मालाला जाण्याचा हक्क होता, फौजेला आणि शस्त्रांना नव्हता, आणि भारताने काही चुकीचे केले नाही.

इतके सगळे आम्ही पुतणीला दुसऱ्या दिवशी ऐकवले. ती शांतपणे म्हणाली, "काका, इलेक्शन ड्यूटीवर तुम्ही तटस्थ असता ना? तीही शपथच."

पोरीने बरोबर नस पकडली. मतदान केंद्रावर आम्ही पाच-सहा वेळा बसलो आहोत. कोण निवडून यावा याच्याशी आम्हाला घेणे नसते. पण दुसऱ्याच्या नावावर कुणी मत द्यायला आला तर आम्ही तटस्थ राहत नाही, ओळखपत्र मागतो. बलरामाचा नांगर तो हाच. तेव्हा पुतणीचा पॅलाडिन दोन गावांमध्ये तटस्थ असायला आमची हरकत नाही. गोठ्यात गुरे बांधलेली असताना काडी लावणाऱ्याच्या बाबतीत मात्र त्याला तसे राहता येणार नाही. शपथ आहे म्हणूनच नाही.

हे बोलून गेलो आणि जीभ अडखळली. झोप न लागण्याचे कारण आता सांगतो. खाते, गाव, नाव काही सांगणार नाही.

आमच्या हाताखाली एक तरुण होता. एका कामाची मापे त्याने मोजमाप पुस्तकात भरली ती जागेवर होती तशी, बिलात हवी होती तशी नव्हे. टेपचे दुसरे टोक आम्ही धरले होते. पुढे त्याच्यावरच चौकशी लागली, मापे चुकीची घेतली म्हणून. आम्हाला लेखी विचारले गेले. आम्ही लिहिले, "सदर बाबीसंबंधी मला माहिती नाही." घरी येऊन सौ.ना सांगितले, आपण कुणाची बाजू घेतली नाही, तटस्थ राहिलो. त्या काही बोलल्या नाहीत, ताट वाढले. तो मुलगा आता दूरच्या विभागात आहे आणि पगारवाढ थांबली आहे.

टेप आमच्या हातात होती, मंडळी.

चौकशी अजून बंद झालेली नाही. पुरवणी जबाब देता येतो, ते आम्हाला पहिल्यापासून माहीत होते. परवा रात्री तो लिहिला. आज या मंचावर बोलायचे ठरले तेव्हा सौ. म्हणाल्या, भाषण नंतर, आधी कागद पोचवा. म्हणून दुपारी आवकमध्ये देऊन, पोच घेऊन इथे आलो आहोत. उशीर झाला तो त्यामुळे. पाहुण्यांची गाडी आता वापीपर्यंत पोचल्याचा फोन आहे, तोवर आरती करून घेऊ.